खोली तिशीच्या आत

मागच्या अंगणात चादरी वाळत घालायच्या नऊ दोऱ्या होत्या. त्या ताणून धरणारे लोखंडी खांब सहा, नळ दोन, मोरी एक आणि प्लास्टिकची खुर्ची एक. खुर्चीच्या मागे बाबांच्या खोलीचं दार, दाराला लागून एक खिडकी. त्याच खोलीची दुसरी खिडकी पलीकडच्या बोळात उघडायची. अंगणाला तीन बाजूंनी भिंती होत्या. त्यातली पूर्वेकडची शेजारच्या गोदामाची, तीन मजली, दुपारपासून मावळतीपर्यंतचं सगळं ऊन अंगावर घेणारी. जमीन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत काँक्रीटची. झाडं शून्य. मोरीच्या फटीतलं धरलं तर गवत एक मूठ.

धाकटीने हे सगळं मोजून कागदावर उतरवलं, तेव्हा दादा इस्त्रीच्या टेबलावरून ओरडला, "हवामानखातं, मोरी मोजलीस का? राहायला नको!"

"मोजली. त्यातल्या गवतासकट."

"वा! खातं झोपलेलं नाही म्हणायचं."

हवामान कार्यालयात साहाय्यक म्हणून लागल्यापासून घरात तिचं हेच नाव पडलं होतं. पाऊस हुकला की तिला जबाबदार धरत, ऊन वाढलं की तिच्याकडे खुलासा मागत. ती हसून सोडून द्यायची. या उन्हाळ्यात मात्र घरातलं ऊन हसण्यावारी नेण्याजोगं राहिलं नव्हतं.

लाँड्री वडिलोपार्जित. पुढे रस्त्यावर दुकान, त्यामागे धुलाईची मशीनं, त्यामागे अंगण आणि अंगणाच्या टोकाला बाबांची खोली. वरच्या मजल्यावर दादा, वहिनी आणि धाकटी. बाबांना जिना चढवत नव्हता, म्हणून ते खालीच राहत. त्यांच्या खोलीवर दुसरा मजला नव्हता. नुसता सिमेंटचा स्लॅब होता आणि त्यावर आभाळ. महिन्यापूर्वी, एका संध्याकाळी, बाबा उशांच्या खोळींच्या घड्या घालता घालता तोल जाऊन पडले. कातडी कोरडी, तापलेली, बोलणं असंबद्ध. दवाखान्यात दोन दिवस काढून घरी आले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना समोर उभं करून सांगितलं, "दिवसा सावलीत बसतील, पाणी पितील, चालेल. पण झोपायच्या वेळी खोली तिशीच्या आत हवी. शरीराला रात्रीचा विसावा मिळाला नाही तर हे पुन्हा होईल. आणि दर वेळी मी वेळेवर भेटेन असं नाही."

खोली तिशीच्या आत येत नव्हती. एसी लावून पाहिला होता. तो आणि मोठं मशीन एकाच वेळी चालू झालं की फ्यूज उडायचा. वीज वाढवून मागितली होती, पण ती येईपर्यंत उन्हाळा सरला असता. मग थोरलीने, म्हणजे ताईने, फोनवर निकाल दिला. तिचं गाव उंचावर होतं, थंड होतं. "मी येते आणि बाबांना घेऊन जाते. कायमचं. वाद नको."

बाबांना वाद घालायचा होताच. "तिच्याकडे थंड आहे, मान्य," ते म्हणाले. "पण तिथे मी करू काय? दिवसभर भिंतीकडे बघू? इथे निदान खोळी तरी आहेत."

खोळींच्या घड्या हा विनोद नव्हता. गेली कित्येक वर्षं हॉस्पिटलच्या उशांच्या खोळी बाबांच्या हाताखालून जात. कोपऱ्याला कोपरा असा बसायचा की गठ्ठा कापून काढल्यासारखा दिसायचा. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांच्याकडे तेवढंच काम उरलं होतं आणि त्यावरच त्यांचा दिवस उभा होता. ताईकडे गेले तर ते जगतील, पण कसे, हे धाकटीला बघायचं नव्हतं. ताई यायला दहा-बारा दिवस होते.

तापमान मोजायला धाकटीने दोन जागा निवडल्या होत्या. एक घरचं अंगण. दुसरी, शहराबाहेर कार्यालयाचं निरीक्षणाचं मैदान: माती, वाळकं गवत आणि चारही बाजूंना मोकळं आभाळ. मैदानावरच्या यंत्राचे आकडे तिला फोनवर दिसत. अंगणात तिने कार्यालयातली एक जुनी, पट्ट्यापट्ट्यांची पांढरी पेटी मागून आणून खांबावर बसवली होती. पेटीत शेजारी शेजारी दोन तापमापक. एकाचा पाऱ्याचा फुगा कोरडा. दुसऱ्याच्या फुग्यावर मलमलीचं फडकं गुंडाळलेलं आणि फडक्याचं शेपूट खाली पाण्याच्या बाटलीत सोडलेलं. हवा जितकी कोरडी, तितकं फडक्यातलं पाणी उडून जातं आणि तो तापमापक तितका खाली उतरतो. दोघांमधल्या फरकावरून हवेत बाष्प किती ते कळतं. रोज सकाळी बाटली भरून ती कामावर जायची आणि संध्याकाळी साडेआठला बॅटरीच्या उजेडात दोन्ही आकडे टिपायची.

पहिले काही दिवस ढग होते आणि वारा सुटलेला होता. मैदान आणि अंगण यांच्यात एखाद्या अंशाचा फरक पडायचा.

"एवढ्यासाठी पेटी आणलीस?" दादा म्हणाला. "सगळीकडे सारखंच गरम आहे, हे मी फुकटात सांगितलं असतं."

मग ढग पांगले, वारा पडला आणि आकडे एकमेकांपासून लांब जाऊ लागले. मैदानावर अठ्ठावीस पूर्णांक सहा, अंगणात चौतीस पूर्णांक दोन. बाबांच्या खोलीत त्याहून थोडं जास्तच. धाकटीला कारण ठाऊक होतं. उघड्या मैदानातली जमीन सूर्य मावळला की आपली ऊब सरळ आभाळात सोडून देते. अंगणातल्या काँक्रीटने आणि गोदामाच्या भिंतीने दिवसभर ऊन पोटात भरून घेतलेलं असतं. तिथे आभाळाचा तुकडा दिसतो तो रुमालाएवढा, म्हणून एका भिंतीने सोडलेली ऊब दुसरी झेलते. वारा असला की तो हे सगळं ढवळून, उचलून घेऊन जातो. वारा नसला की ऊब जिथल्या तिथे बसून राहते. बाबा पडले ती संध्याकाळही अशीच होती. निरभ्र, निवांत, पान न हलणारी.

इथपर्यंत सगळं बरोबर होतं. घोटाळा दुसऱ्या तापमापकाचा होता. कोरडा चौतीस पूर्णांक दोन, ओलाही चौतीस पूर्णांक दोन. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. म्हणजे हवेत बाष्प ठासून भरलेलं. आणखी एक थेंब मावायला जागा नाही.

तिने कारण शोधलं आणि ते तिला पटलं. गरम पाण्याची मशीनं, वाफेच्या इस्त्र्या, नऊ दोऱ्यांवर ओल्या चादरी. अंगण नव्हतंच ते, झाकण लावलेलं पातेलं होतं. अशा हवेत पाणी शिंपडून काही उपयोग नसतो. पाणी उडतच नाही, तर गारवा कुठून येणार? एकच उपाय उरत होता, आणि तो तिने जेवताना सांगितला.

"फरशी फोडायला लागेल. सगळी. खाली माती मोकळी करायची. आणि चादरी इथे वाळत घालायच्या नाहीत."

दादाचा घास हातातच राहिला. वहिनीने पाण्याचा तांब्या हळूच त्याच्या बाजूला सरकवला.

"चादरी कुठे वाळत घालू?" दादाने विचारलं. "तुझ्या मैदानावर?"

"दादा, मी गंमत करत नाहीये."

"मीही नाही. ही फरशी मी का टाकली, माहितीये ना तुला? तिथे चिखल होता. त्या चिखलात बाबा घसरले. खुबा मोडला. आठ दिवसांत मी स्वतः उभं राहून काँक्रीट ओतून घेतलं, कारण पुन्हा त्यांचा पाय घसरायला नको. आणि आता तू म्हणतेस, ती फोड."

"ती तापते आहे."

"म्हणजे मी त्यांना भाजतोय, असंच ना?"

तिला तसं म्हणायचं नव्हतं, पण आकडे तसंच म्हणत होते, आणि आकड्यांची बाजू सोडायची सवय तिला नव्हती. दादा ताट अर्धवट ठेवून उठला.

वहिनी जाताना एवढंच म्हणाली, "तुझं यंत्र म्हणतंय हवेत पाणी मावत नाही. मग माझ्या चादरी तासाभरात कडकडीत कशा वाळतात गं? त्यांना कुणी सांगितलं नाही वाटतं."

धाकटीने उत्तर दिलं, "चादरी दुपारी वाळतात, मी संध्याकाळी मोजते." उत्तर तोंडावर तयार होतं, पण अंथरुणावर पडल्यावर तिच्या मनात पाल चुकचुकली. वाऱ्याच्या दिवशीही दोन्ही आकडे सारखेच होते. वारा बाष्प घेऊन जात नाही का? आणि बाटली? बाटली रोज सकाळी रिकामी सापडत होती. ती रोज नव्याने भरत होती. पाणी मावत नाही अशा हवेत बाटलीतलं पाणी गेलं कुठे?

दुसऱ्या दिवशी तिची सुट्टी होती. सकाळी बाटली भरली तेव्हा तिने फडकं बॅटरीशिवाय, दिवसाच्या उजेडात नीट पाहिलं. ओल्या फुग्यावरचं फडकं आठवड्यात धुळीने पिवळं पडतं. कॉलेजात ते बदलायची आठवण वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेली असायची. हे फडकं पिवळं नव्हतं. लावलं त्या दिवसापेक्षा पांढरं होतं. त्याला किंचित निळी झाक होती. आणि मधोमध एक सरळ, धारदार घडी होती.

घडीकडे बघत ती बराच वेळ उभी राहिली. मग फडकं भिजवून होतं तसं ठेवलं, पेटी लावली आणि मशीनच्या आडोशाला स्टूल घेऊन बसली.

दोऱ्यांवरच्या चादरी वाळून निघाल्या तशी तिची शंका खरी ठरली. बाबा काठी टेकत खोलीतून आले. पेटीचं दार उघडलं. सराईत बोटांनी दोरा सोडून फडकं काढलं, पिळलं, झटकलं, बाटली मोरीत ओतली आणि फडकं घेऊन इस्त्रीच्या टेबलाकडे वळले.

"बाबा!"

ते दचकले नाहीत. "आहेस का तू? बरं झालं. हे बघ, तुझ्या त्या बाटलीला गळती आहे. रोज हे बिचारं भिजून चिंब होतं."

"गळती नाही, बाबा. ते मी ओलं ठेवते. मुद्दाम."

"मुद्दाम?" बाबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "ओलं फडकं, बंद पेटीत, मुद्दाम? दोन दिवसांत कुबट वास मारेल. लाँड्रीवाल्याचीच मुलगी ना गं तू?"

"तुम्ही हे रोज करता?"

"रोज. पिळतो, इस्त्री फिरवतो, होतं तसं बांधून ठेवतो. गाठसुद्धा तुझ्यापेक्षा बरी मारतो. पिवळं पडायला लागलं होतं, म्हणून दोनदा नीळ दिली. आणि बाटलीत पाणी साठवू नये, डास होतात. सांगणार होतो, पण म्हटलं, पोर कामात असते, कशाला तिच्या मागे लागा."

धाकटीला हसू येत होतं आणि ते थांबत नव्हतं. आठवडाभर ती दोन कोरडे तापमापक शेजारी शेजारी ठेवून त्यांचं एकमत कसं होतं याची कारणं शोधत होती. फडक्याला एकदा बोट लावून पाहिलं असतं तर कळलं असतं.

"एवढं काय हसण्यासारखं आहे?" बाबा जरा रागावले.

"बाबा, ते द्या. आता ओलं करते आणि तुम्ही त्याच्याकडे बघायचं नाही. हात पाठीमागे."

"वासाची जबाबदारी माझी नाही."

"नाही, माझी."

फडकं भिजवून, बाटली भरून ती पेटीसमोर उभी राहिली. बाबा हात पाठीमागे बांधून शेजारी. ओल्या तापमापकाचा पारा आधी घुटमळला, मग जिना उतरावा तसा उतरू लागला. पस्तीस. तीस. सव्वीस. बाबा काठी विसरून वाकले.

"हे काय झालं याला?"

"हवा कोरडी आहे," ती म्हणाली. "कोरडीठाक आहे, बाबा." पारा बावीस पूर्णांक सहावर थांबला. शेजारचा कोरडा अडतीसच्या वर होता.

ती धावत दुकानात गेली. दादा हॉस्पिटलच्या गठ्ठ्यावर नंबर टाकत होता. आदल्या दिवसापासून त्यांचं बोलणं नव्हतं.

"दादा, फरशी राहू दे."

"काय?"

"फोडायची नाही. चादरीही राहू देत. उलट जास्त घाल. माझं चुकलं. म्हणजे बाबांनी फडक्याला इस्त्री केली, पण चुकलं माझं."

दादा तसाच गठ्ठ्यावर बसला. त्याचा जीव भांड्यात पडला होता, पण तसं दाखवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. "फडक्याला इस्त्री," तो सावकाश म्हणाला. "नीळ?"

"दोनदा."

"खळ राहिली म्हणायची." आणि मग तो असा हसला की काउंटरवरची वहिनी काय झालं म्हणून आत आली. तिला सगळं दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा तिनेच सांगायला लावलं.

हवा कोरडी असेल तर पाणी उडणार, आणि उडताना ऊब घेऊन जाणार. पाणी तर या घरात नदीसारखं वाहत होतं. प्रत्येक खेपेला चादरी तीनदा खळबळल्या जात. तिसऱ्या खळबळण्याचं पाणी जवळजवळ पिण्याइतकं स्वच्छ असायचं आणि सरळ मोरीत जायचं. दादाने त्या पाण्याची नळी वळवून अंगणात सोडली. स्लॅबवर चढून त्याने आणि वहिनीने फाटक्या, बाद झालेल्या चादरी दुहेरी अंथरल्या आणि त्यांच्यावर भोकं पाडलेली नळी ठेवली. दुपारी तीनपासून चादरी ओल्या राहतील एवढीच धार. गोदामाच्या भिंतीवर मावळतीच्या आधी पाण्याचा फवारा.

"आणि संध्याकाळची शेवटची खेप बाबांच्या खिडकीसमोर वाळत घालू," वहिनी म्हणाली. "वाळायच्याच आहेत, तर तिथे वाळोत."

"आत पंखा लावू," धाकटी म्हणाली, "तो चादरींतून हवा ओढेल. बोळातली खिडकी सताड उघडी हवी. दमट हवा बाहेर जायला वाट पाहिजे, नाहीतर खरंच पातेलं होईल."

"आणि मी?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही फडक्यापासून लांब राहायचं," तिघंही एकदम म्हणाली.

ताई आली ती नेमकी ढगाळ, वाऱ्याच्या दिवशी. येताच तिने बाबांची बॅग भरायला घेतली. बाबांनी तिला कपड्यांवर चार चादरी ठेवायला लावल्या. "तुझ्याकडच्या मला चालणार नाहीत. कोपरे धड नसतात." ताईने कपाळाला हात लावला, पण चादरी ठेवल्या.

त्या संध्याकाळी खोलीत एकोणतीस पूर्णांक एक होतं. दादाने टाळी वाजवली. "आली! तिशीच्या आत!"

"हे धरायचं नाही," धाकटी म्हणाली.

"म्हणजे?"

"आज वारा आहे, ढग आहेत. मैदानावरही जवळजवळ एवढंच आहे. हा आकडा आपला नाही, वाऱ्याचा आहे. निरभ्र, बिनवाऱ्याची संध्याकाळ यायला हवी. बाबा ज्या दिवशी पडले, तशी."

ताईने दादाकडे पाहिलं. "ही नेहमी अशीच असते?"

"आम्ही जन्मापासून सहन करतोय," दादा म्हणाला. "तू सुटलीस लग्न करून."

"माझी परवाची तिकिटं आहेत," ताई म्हणाली. ती कडक दिसत होती, पण आवाज तसा नव्हता. "मला काय हौस आहे का त्यांना इथून उपटून न्यायची? मला रोज फोन वाजला की धस्स होतं. तेवढं थांबव, मग मी एकटी जाते. पण उगाच धीर द्यायला खोटा आकडा सांगू नकोस."

"तोच तर सांगत नाहीये," धाकटी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आभाळ धुतल्यासारखं झालं. दुपारी मशीनच्या खोलीवरच्या नळकांड्यातून वाफ निघाली ती दोरीसारखी सरळ वर गेली. बोळातला कागद सकाळी होता तिथेच संध्याकाळी होता. पेटीत एकोणचाळीस पूर्णांक पाच. धाकटी अर्धा दिवस रजा टाकून घरी आली होती आणि कुणाशी धड बोलत नव्हती. दादाने तीन वाजता स्लॅबवरचं पाणी सोडलं. साडेपाचला भिंत भिजवली. काँक्रीटवर पाणी पडलं की चर्र आवाज यायचा आणि ओला डाग बघता बघता आकसायचा. दादा पुन्हा नळी फिरवायचा. चौथ्यांदा डाग आकसला नाही.

आणि मग शेवटच्या खेपेच्या चादरी आणणारी हॉस्पिटलची गाडी आली नाही. वाटेत कुठेतरी बंद पडली होती. शेजारच्या हॉटेलच्या चादरी सकाळीच वाळून, इस्त्री होऊन परत गेल्या होत्या. दोऱ्या रिकाम्या होत्या. खिडकीसमोर लावायला चादरींची लाँड्री असलेल्या घरात एक ओली चादर नव्हती.

"आमच्या घरातल्या काढते," वहिनी म्हणाली आणि जिन्याकडे वळली.

"थांब," ताई म्हणाली. ती बाबांच्या खोलीत गेली. आतून बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात त्या चार चादरी होत्या, कोपऱ्याला कोपरा लावलेल्या. तिने त्या एकेक करून नळाखाली धरल्या, अर्धवट पिळल्या आणि खिडकीसमोरच्या दोरीवर टाकल्या. कितीतरी वर्षांनी ती अंगणात चादरी वाळत घालत होती, तरी हात चुकत नव्हता.

"कडा सारखी कर," खुर्चीवरून बाबा म्हणाले. "डावीकडची खाली आलीये."

"बाबा, त्या वाळवायला नाही घातल्या."

"नसतील. पण लोक बघतात."

पंखा सुरू झाला. चादरी आतल्या बाजूला किंचित फुगल्या. आठच्या सुमाराला बाबा खोलीत गेले, पलंगावर टेकले आणि म्हणाले, "जरा पाठ टेकतो, तुमचं ते मोजून झालं की सांगा." सगळे दाराशी उभे राहिले. थोड्या वेळाने आतून घोरण्याचा आवाज यायला लागला. वहिनीने तोंडावर हात दाबला. ताई बाबांच्या खुर्चीत बसली आणि तिने चपला काढून पाय ओल्या फरशीवर ठेवले.

धाकटीने बोट लावून फडकं ओलं आहे ना ते पाहिलं. मग बॅटरी लावली.

वेळ साडेआठ. आकाश निरभ्र. वारा नाही. मैदान : २८.५. अंगण : ३०.७. बाबांची खोली : २८.९.